आडवा पंखा

सन दोन हजार बावीस, डिसेंबरची पाच तारीख, वार सोमवार. तारीख पक्की आठवते, कारण दुसऱ्या दिवशी आम्हाला दादरला जायचं होतं आणि दोघांचे पांढरे कपडे दोरीवर वाळत घालूनच मी घरातून निघाले होते.

“मावशी, तुम्ही इथे खुर्चीवर बसा,” विपुल म्हणाला. “बोटीत माणसं जेवढी कमी तेवढं बरं.”

“ती नसली तर मीटर कोण वाचंल?” हे बोटीतून म्हणाले. “तुमी वाचता? मग तुमी बसा.”

विपुल बाजूला सरकला. मी साडी आवरून, जेटीच्या फळीला धरून बोटीत उतरले, तेव्हा त्याने खिशातून मोबाइल काढला आणि आमच्याकडे रोखून धरला.

“फोटो काढताय का?” मी विचारलं.

“व्हिडिओ. शेठनी सांगितलंय. काय उघडलं, काय काढलं, सगळं दिसलं पाहिजे.”

“दिसू दे,” हे म्हणाले. “आमी दिसाया चांगलेच हाव.”

हे म्हणजे माझे मालक. जन्मात कधी त्यांना नाव घेऊन हाक मारली नाही, पण दुकानाच्या कागदांवर त्यांचं नाव मलाच लिहावं लागायचं, तसं इथेही लिहिते: धर्माजी. कडावला रस्त्याच्या कडेला आमचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. भाताच्या शेतांवरचे पंप, गिरण्यांच्या मोटारी, दुधाच्या डेअरीतली यंत्रं, असं पन्नास वर्षं त्यांनी तांब्याची तार गुंडाळली. त्या साली ते अडुसष्ट वर्षांचे होते आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. एका डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत पनवेलला ठरलं होतं. उजेड-अंधार कळायचा, माणूस कळायचा, पण आकडा नाही, अक्षर नाही. पाना किती नंबरचा, ते बोटाने ओळखायचे. मीटरवरचा आकडा मी वाचायची आणि कागदही मीच लिहायची. अंगणवाडीत तीस वर्षं रजिस्टरं लिहून माझं अक्षर बरं झालं होतं.

ती जेटी ज्या रिसॉर्टची, ते खालापूर तालुक्यात, एका जुन्या तलावाच्या काठावर होतं. मालक मुंबईचे, त्यांना सगळे शेठ म्हणायचे. विपुल तिथला मॅनेजर, शेलूला राहणारा, तिशीतला. तिथल्या बागेचे पंप आमच्याकडेच तार भरायला यायचे, म्हणून त्याच्याकडे आमचा नंबर होता. नाहीतर बोटीशी आमचा काय संबंध? कडावात बोट बघितलेलं माणूस हुडकावं लागेल.

बोट पांढरी, फायबरची, बारा माणसांची. शेठनी ती जुनीच घेतली होती. आधी समुद्रात चालायची. तिला नेहमीच्या इंजिनाशिवाय दोन लहान विजेचे पंखे होते, एक नाकाखाली, एक शेपटाखाली, पाण्यात आडवे बसवलेले. बटण दाबलं की पाणी बाजूला फेकायचे आणि बोट आडवी सरकत हलकेच जेटीला लागायची. कंपनी त्याला थ्रस्टर म्हणते. बोट चालवणारा शुक्रा त्याला आडवा पंखा म्हणायचा.

आठ दिवसांपूर्वी, रविवारी, बोट जेटीला लावताना, ती जोरात लागू नये म्हणून बटण दाबलं, तर पुढचा पंखा फिरलाच नाही. मागचा फिरला. शेपूट जेटीपासून लांब गेलं, नाक गरकन वळून जेटीवर आपटलं. शेठची मावशी उतरायची घाई करून उभी राहिली होती. ती पडली आणि तिचं मनगट मोडलं.

बोट शुक्राच्या हातात होती.

तो जेटीच्या टोकाला, करंजाच्या झाडाखाली उकिडवा बसला होता. चाळिशीचा, वाळका, रिसॉर्टचा निळा शर्ट अंगात. बोटीजवळ यायची त्याला बंदी होती. त्याच्यावर लक्ष ठेवायला चांगो वॉचमन शेजारी बसवला होता, आणि दोघं एकाच वाडीवरचे.

“काय रं चांगो,” ह्यांनी लांबूनच हाक मारली होती येताना, “पहारा चालू हाय का?”

“हाय की. आठ दिस याचं तोंड बघतोय. आता बायकोचं विसरलो.”

शुक्रा हसला नव्हता.

विपुलने आम्हाला गाडीतच सगळं सांगितलं होतं. कंपनीचा माणूस तीन आठवडे येऊ शकत नव्हता. त्याने व्हिडिओ कॉलवर तपासणी केली. बॅटरी बघितली, बारा पॉइंट सहा व्होल्ट. वायरीच्या दुसऱ्या टोकाला बघितलं, तिथेही बारा पॉइंट सहा. “सगळं बरोबर आहे,” तो म्हणाला, “म्हणजे कोणीतरी छेडछाड केलीय.” आणि मग त्याला मेन स्विचच्या झाकणावरचे स्क्रू दिसले. त्यांच्यावर ओरखडे होते.

“शुक्राला हा पंखा पहिल्यापासून नको होता,” विपुल म्हणाला होता. “सगळ्यांसमोर बोलायचा, याला मोटार कशाला, माझ्याकडे बांबू आहे. त्यात त्याच्या बापाची जमीन ह्याच तलावात गेलेली. आता बोला. उद्या पोलिसात कागद द्यायचाय. तुम्ही फक्त लिहून द्या, छेडछाड झाली म्हणून.”

“बघू तर दे आधी,” हे म्हणाले होते.

आता ते बोटीच्या नाकातलं झाकण उघडून आत पोटावर पडले होते. आत एक बॅटरी, तिच्यापासून अंगठ्याएवढी जाड लाल वायर, मग तळहाताएवढा मेन स्विच, मग पुन्हा वायर, ती मोटारीला. त्यांनी वायर बोटांनी चाचपत नेली, जसं आंधळा माणूस भिंतीला धरून जातो.

“दाबा बटण,” ते आतून म्हणाले.

विपुलने एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हाताने बटण दाबलं. आत टक्-टक्-टक् असा आवाज झाला आणि थांबला. बटणाच्या बाजूचा हिरवा दिवा विझला, सोडल्यावर पुन्हा लागला.

“भूक हाय, पन जेवान पोचत नाय,” हे म्हणाले. “मीटर लाव गं. बॅटरीवर.”

“बारा पॉइंट सहा.”

“स्विचच्या पल्याड.”

“बारा पॉइंट सहा.”

“बघा,” विपुल म्हणाला. “कंपनीनेही हेच सांगितलं.”

ह्यांनी पिशवीत हात घातला आणि त्यांचा बल्ब काढला. जीपच्या हेडलाइटचा बल्ब, त्याला दोन वायरी, टोकाला दोन चिमटे. मीटर दुकानात आला त्याच्या वीस वर्षं आधीपासूनचा तो बल्ब. दिसेनासं व्हायला लागल्यावर तर त्यांचा सगळा भरवसा त्याच्यावरच होता; उजेड त्यांना दिसायचा.

“मीटर खोटं नाय बोलत,” ते म्हणाले. “पन त्याला काय उचलावं लागत नाय. लांबून बघून सांगतं, पानी हाय. ह्यो पिऊन सांगतो.”

बॅटरीवर चिमटे लावले. बल्ब असा पेटला की मी डोळे मिटले. मग त्यांनी तेच चिमटे स्विचच्या पलीकडे लावले. बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा लाल झाला, बस.

“बल्ब लावलेलाच राहू दे. आता मीटरची दोन टोकं स्विचच्या दोन बाजूंना धर. काय दिसतंय?”

“पाच पॉइंट दोन.”

“तिथं शून्य पाहिजे,” ते विपुलला म्हणाले. “चालू स्विच म्हंजे उघडं दार. तिथं कोन अडत नाय. इथं पाच जन दारात अडकल्यात. वायर कापलेली नाय, मोटार जळलेली नाय. स्विच आतून खराब हाय.”

विपुलच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. “कोणी केला खराब?”

“ते उघडल्यावर. पन नवा आना आधी. शिळफाट्यावर ट्रकच्या इलेक्ट्रिकवाल्यांकडं बॅटरीचा कटऑफ स्विच मिळंल. मोठा मागा.”

“तुम्हीच जा ना गाडी घेऊन.” मग विपुलच थांबला. आम्हाला गाडी देऊन पाठवावं की आम्हाला बोटीपाशी ठेवून आपण जावं, यातलं कमी धोक्याचं कुठलं, याचा तो हिशेब करत होता. ते मला स्पष्ट दिसलं. अशा चेहऱ्यांची मला तीस वर्षांची सवय होती. शेवटी तो म्हणाला, “मी जातो. चांगो, हा ऑफिसचा मोबाइल धर. ह्यांच्यावर धरून ठेवायचा. हलवायचा नाही.”

चांगोने मोबाइल दोन्ही हातांनी धरला, पूजेचं ताट धरावं तसा. नंतर विपुलने तो व्हिडिओ बघितला तेव्हा त्यात चाळीस मिनिटं आभाळ आणि चांगोचा अंगठा होता.

गाडी गेली. ह्यांनी स्विच सोडवून मांडीवर घेतला आणि झाकण काढलं. मी वाकून बघितलं. आत तांब्याच्या दोन पट्ट्या, त्यांच्यावर हिरवा गंज, मळीसारखा चिकट. कडेला झेंडूची एक वाळकी पाकळी अडकली होती.

“पाकळी हाय,” मी सांगितलं.

“दसरा,” ते म्हणाले. “बोटीच्या नाकावर नारळ फोडला असनार. पानी ह्या झाकनाच्या फटीतनं थेट खाली. नारळाचं पानी तांब्याला लई वाईट.”

मग त्यांनी नख लावून थोडी मळी काढली, हुंगली, आणि जिभेच्या टोकाला लावली. मी म्हणाले, थुंका आधी. ते थुंकले. मग बोट पुन्हा हुंगलं.

“हितं नारळ एकटा नाय,” ते हळूच म्हणाले. “चिंच हाय.”

चांगो मोबाइल धरून जेटीवर उभा होता, आभाळाकडे. मी तांब्या उचलला आणि पाणी आणते म्हणून वर गेले.

शुक्रा झाडाखाली एकटाच होता. मला बघून उठला. मी नळावर तांब्या भरला, प्यायले, पुन्हा भरला. खरं सांगायचं तर मलाही त्याचा संशय होता. सकाळपासून तो आपला उजवा हात मांडीखाली दडपून बसत होता. अंगठ्याला चिंधी होती.

“काय लागलं रं?”

“कोयता.”

“कोयत्यानं स्क्रू उघडत नाहीत, बाळा.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग खाली बसला. मीही बसले.

“घरी चिंच आहे का दारात?”

“हाय,” तो म्हणाला. आणि मग त्याला थांबवता आलं नसतं. “बाय, दिवाळीला पंखा अडकाया लागला. मी ईपुलसायबाला दोनदा सांगिटलं. तो म्हनला, तुला चालवता येत नाय. मग मी एक दिस झाकान उघडून बघिटलं, तं आत समदं हिरवं. माझी आय पितळंची घागर चिंचंनं घासती, सोन्यावानी व्हती. मी तसंच घासलं. दोन दिस झ्याक फिरला, आईशप्पत. मग फिरून अडकला, आधीपेक्षा जास्ती.”

“धुतलंस का नंतर?”

“ईज हाय ना ती. इजंला पानी कसं लावू?”

घागर घासली की धुतात, म्हणून ती चमकते. ह्याने विजेला भिऊन चिंच तशीच आत ठेवली, आणि आंबट महिनाभर तांबं खात बसलं.

“सांगितलं का नाहीस?”

त्याने जेटीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. तिच्यावर लिहिलं होतं, कर्मचाऱ्यांनी यंत्राला हात लावू नये. “हात लावला म्हंजे गेलं काम. आन आता तं म्हातारी पडली.” त्याने अंगठ्याची चिंधी घट्ट ओढली. “दादा लिवनार का ह्ये?”

मी तांब्या घेऊन खाली आले आणि ह्यांना सगळं सांगितलं.

“मग तसंच लिवू,” ते म्हणाले.

“पोलीस येणार आहेत.”

“येऊ दे की. त्यानं चांगल्यासाठी केलं, ते बी लिवू.”

“चांगल्यासाठी कोणी वाचणार नाही. हात लावला, तेवढंच वाचतील.”

“वाचनाऱ्याचं वाचनाऱ्यानं बघावं. आपन जे दिसलं ते लिवायचं. दिसलं ते लपवायचं आन नाय ते सांगायचं, दोन्ही सारखंच.”

हे त्यांचं जन्मभराचं होतं. आणि मला राहून राहून एक्याण्णव साल आठवत होतं.

त्या साली एका राइस मिलची मोटार त्यांनी भरून दिली होती. महिन्याभरात ती पुन्हा जळली. मिलवाल्याने बाहेरून एक मेकॅनिक आणला, त्याने मोटार उघडून कागदावर एकच ओळ लिहिली: आतील तार मूळची नाही. खरंच होतं ते. भरलेल्या मोटारीत तार मूळची कशी असेल? पण तो कागद मिलवाल्याने पोलिसांना दाखवला, आणि पोलिसांना त्याच्यात तांब्याची चोरी दिसली. दोन दिवस, दोन रात्री ह्यांना चौकीत बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी कर्जतहून एका वायरमनने येऊन समजावलं तेव्हा सोडलं. कोणी चुकलो म्हणालं नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं लोक मोटार आणली की दुकानात समोर बसून राहायचे, तार बदलेपर्यंत. चहा सांगितला तर बसल्या जागी घ्यायचे, मान वळवायचे नाहीत. ह्यांनी एक रीत लावून घेतली. जळलेलं जुनं तांबं सुतळीने बांधून मोटारीबरोबर परत द्यायचं, मागो न मागो. आणि दर कामाचा कागद, खाली कार्बन लावून, एक गिऱ्हाइकाला, एक दुकानाला. काय बिघडलं होतं, काय केलं, सगळं. त्या दोन दिवसांबद्दल ते एवढंच म्हणायचे, “अर्धंच लिवलं त्यानं. पुरं लिवलं असतं तर झालं नसतं.”

मला मात्र त्यातून दुसरंच कळलं होतं.

विपुल नवा स्विच घेऊन आला. ह्यांनी तो बसवला, वायरींची टोकं कानसेने चकचकीत केली, घट्ट आवळली. चिमटे लावून बल्ब बघितला. पांढरा पेटला. “दाबा,” म्हणाले. नाकाखाली पाणी खळखळून उसळलं आणि बोट दोरीला ओढ देत आडवी सरकली. डावीकडे, उजवीकडे. विपुलचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

“शुक्राला लावू दे की एकदा जेटीला,” हे म्हणाले. “रोजचा हात त्याचा.”

“त्याचं नाव काढू नका.” विपुलने शेठना फोन लावला आणि बोलत बोलत वर ऑफिसच्या बाजूला गेला.

हे बाकावर बसले. मी पॅड मांडीवर घेतलं, कार्बन सारखा केला.

“लिव. मेन स्विच आतून गंजलेला आढळला.”

मी लिहिलं.

“नारळाचं पानी आन फुलाची पाकळी आत गेली व्हती.”

लिहिलं.

“वायर कुठं कापलेली नाय. मोटार ठीक हाय.”

लिहिलं.

“झाकन आधी उघडलेलं हाय.” पुढे म्हणाले. “शुक्रानं उघडून गंज चिंचंनं घासला, तो चांगल्यासाठी घासला, पन धुतला नाय म्हनून वाढला.”

माझं पेन कागदावर होतं. खाली तलावाचं पाणी फळीला लागून चुळुक चुळुक वाजत होतं. मी पेन उचललं, पुढची ओळ धरली.

“नवीन स्विच बसवून पंखा चालू केला,” ते म्हणाले, आणि मी ते लिहिलं.

“वाच.”

मी वाचलं. सगळं वाचलं, चिंचेची ओळ त्यांनी सांगितली तशीच्या तशी, जिथे कागद कोरा होता तिथे नजर ठेवून. आवाज हलला नाही. मग त्यांचं बोट सहीच्या जागेवर ठेवून दिलं. त्यांनी सही केली, हळूहळू, पूर्ण नाव.

सकाळपासून तिथे प्रत्येकाला दुसऱ्याचा संशय होता. माझा कोणालाच नव्हता.

विपुल आला. त्याने कागद ओठ हलवत वाचला आणि दुसऱ्याच ओळीवर अडला.

“नारळ? काका, नारळ शेठनी स्वतःच्या हाताने फोडलाय.”

“मग शेठच्या हाताचं पानी.”

“तुम्ही लोक मानत नाही, म्हणून असं लिहिताय का?”

मला राग आला. ह्यांना आला असेल तर दिसला नाही. ते पाने पुसून पिशवीत भरत होते. “मी नारळाला नाव ठेवत नाय. भाजीत घालतो, आवडीनं खातो. पाकळी आत हाय, बघा. नारळाचं पानी तांब्याच्या भांड्यात आठ दिस ठेवा, मग मला फोन करा.”

विपुल पुढे वाचत राहिला. मग त्याने मान वर केली.

“झाकण आधी उघडलेलं आहे. कोणी उघडलं? इथे नाव नाही.”

ह्यांचा हात पिशवीत होता, तो तसाच राहिला.

“नाव नाय?” त्यांनी विचारलं.

“नाही ना. नुसतं उघडलेलं आहे, एवढंच.”

मी पाण्याकडे बघत होते. करंजाखाली शुक्रा उभा राहिला होता. आमचं बोलणं त्याला ऐकू येत नसावं, पण कागद दिसत होता.

“तुम्हाला काय वाटतं?” विपुल म्हणाला. “तुम्ही उघडलंय, तुम्हाला कळलं असणार.”

ह्यांनी पिशवीतला हात काढला. मग पिशवीची दोरी ओढून त्यांनी गाठ मारली.

“जुनी बोट हाय,” ते म्हणाले. “किती हात लागले असतील तिला.”

विपुलने कागदाची घडी घातली. जुना स्विच प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकला. गाडी सांगितली.

निघताना हे शुक्रापाशी थांबले. “पुढच्या दसऱ्याला,” ते म्हणाले, “नारळ जेटीवर फोडाया सांग. आन चिंच आमटीत घालीत जा.”

शुक्राने वाकून त्यांच्या पायाला हात लावायला बघितलं. त्यांनी पाय मागे घेतला. “पाया पडू नको कोनाच्या,” म्हणाले.

कडावपर्यंत त्यांनी पिशवी मांडीवर धरून ठेवली होती. त्यांना कळलं की नाही, हे मला कळलं नाही. कदाचित त्यांना वाटलं असेल की विपुलने नीट वाचलं नाही. दाराशी आल्यावर मी दोरीवरचे कपडे काढले, घड्या घातल्या. सकाळी उठवलं तर म्हणाले, “तू जा. माझे पाय दुखतात.” चाळीस वर्षांत त्यांनी एकदाही सहा डिसेंबर चुकवला नव्हता. मी शेजारच्या उज्ज्वलाबरोबर गेले. दिवसभर रांगेत उभी होते आणि मनात एकच होतं, पाय खरंच दुखत असतील का.

मला विचारता आलं असतं. त्यांनाही. आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

पोलिसात कागद गेला नाही. नारळाची ओळ वाचल्यावर शेठच म्हणाले म्हणे, राहू द्या. त्यांच्या मावशीचं मनगट दीड महिन्यात जुळलं. पुन्हा त्या बोटीत काही बसल्या नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीतला स्विच ऑफिसच्या खणात पडून राहिला, कोणी उघडून बघितला नाही. विपुलने पुढच्या वर्षी नोकरी सोडली. आता शेलूलाच एका नव्या इमारतीच्या कामावर ऑफिस बघतो. मला एकदा कर्जतच्या बाजारात भेटला, चांगला बोलला, काका कसे आहेत म्हणाला. चांगो अजून तिथेच वॉचमन आहे. बोट दोन हजार चोवीसमध्ये शेठनी विकली. ट्रेलरवर घालून नेली, तेव्हा तिचं नाक दोरीने बांधायला शुक्राच होता. तोपर्यंत ती त्याच्याच हातात राहिली. आता तो तलावात स्वतःची लहान होडी टाकतो, मासे धरतो, बांबूने जेटीला लावतो. बोट विकली त्या साली पावसाळ्यात एकदा दोन वाम घेऊन कडावला आला होता. येताना चिंच आणली होती, गोळा करून, मीठ लावून.

धर्माजी त्याच पावसाळ्यात गेले. झोपेत गेले. आमचा मुलगा रत्नदीप बदलापूरला नोकरीला आहे, त्याला दुकान नको होतं. यंदा मार्च महिन्यात तो आणि मी दुकान रिकामं करायला बसलो. बल्ब त्याने मागून घेतला. पॅडांचा गठ्ठा रद्दीत घालायला काढला, तेव्हा मी म्हणाले, थांब, मी बघते.

डिसेंबर बावीसचं पॅड वरच्या वरच सापडलं. बोटीच्या कागदाची दुकानाची प्रत, माझं अक्षर, कार्बनचं, निळसर, फिकट झालेलं. झाकण आधी उघडलेले आहे. आणि त्याच्यापुढे, दोन ओळींच्या मधल्या जागेत, पेनाने, काळ्या शाईने, त्यांच्या वाकड्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: शुक्राने चिंचेने घासले. चांगल्यासाठी. धुतले नाही.

खाली तारीख होती, तेवीस जानेवारी. डोळ्याची पट्टी निघाली त्याचा दुसरा दिवस.

तारखेखाली त्यांची सही होती, पूर्ण नाव, या वेळी सरळ ओळीत. सहीच्या शेजारी त्यांनी पट्टीने एक रेघ मारून ठेवली होती. रेघेखाली माझं नाव लिहिलं होतं, रेघेवर काही नव्हतं.

पॅड मी रद्दीत दिलं नाही. ते माझ्या ट्रंकेत आहे. पेनही तिथेच ठेवलंय.